मान वळवायचा खेळ

डेपोत तिला सगळे भोंगाबाई म्हणत, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं तिला कधी काही दिसलं नाही. उभी हयात तिने बस डेपोच्या काचेच्या खोलीत माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, सगळं तिच्या तोंडून लोकांना कळायचं. नवरा म्हणायचा, हिला झोपेतून उठवलं तरी ही आधी घसा साफ करील, मग डोळे उघडील. तर अशा बाईच्या तोंडाला उतारवयात कुलूप लागलं. आणि लावलं कोणी? परक्याने नव्हे, पोटच्या पोराने.

नवरा गेल्यावर तिने काही दिवस एकटीने कसेबसे रेटले. मग धाकट्याचा फोन आला. मुलगी झालीय, बायकोला कामावर परत जायचंय, तू ये, कायमचीच ये. कायमची म्हटल्यावर बाईला आभाळ ठेंगणं झालं. भाड्याची खोली सोडली, भांडीकुंडी शेजारणींना वाटून टाकली आणि दोन बॅगा घेऊन ती पोराच्या शहरात उतरली. त्या शहराची भाषा वेगळी होती, पण पोरगं आपलं, नात आपली, मग भाषेचं काय घेऊन बसलात, असं तिला वाटलं. कप्पाळ! भाषेचंच तर सगळं होतं.

पहिल्याच संध्याकाळी छकुली झोपली तसा धाकट्याने खोलीचं दार ओढून घेतलं आणि आईला समोर बसवलं.

"आई, एक गोष्ट आत्ताच सांगतो. छकुलीसमोर आपली भाषा नको. एक शब्दसुद्धा नको."

तिला वाटलं, थट्टा करतोय. मग काय मुक्याने सांभाळू का तिला, असं तिने हसत विचारलं. तो हसला नाही. इथली भाषा शीक, नाही जमलं तर खुणा कर, गाणं नुसतं गुणगुण, पण आपलं बोलणं हिच्या कानावर पडता कामा नये, असं त्याने पुन्हा सांगितलं. आणि मग जे सांगितलं ते ऐकून तिला पोराचा राग यावा की कीव यावी हेच कळेना.

धाकटा औषधांच्या मोठ्या दुकानात कामाला होता. हुशार होता, कुठलं औषध कशावर चालतं ते त्याला तोंडपाठ. पण या शहराच्या भाषेत व दोन आहेत. एक ओठांचा चंबू करून म्हणायचा, एक वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. इथल्या लोकांना ते दोन इतके वेगळे वाटतात, जसं आपल्याला काळं आणि पांढरं. धाकट्याला मात्र दोन्ही एकच ऐकू यायचे आणि तोंडातून निघायचा तो तिसराच, मधला, आपला घरचा. गिऱ्हाईक भुवया उंचावून पुन्हा विचारायचं. सोबतचे पाठीमागे नक्कल करायचे. एक दिवस एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने सरळ सांगितलं, ज्याला बोलता येतं असा कुणीतरी पाठवा. मालकाने धाकट्याला काउंटरवरून उचललं आणि मागच्या गोदामात खोकी लावायला घातलं. पगार तोच, मान तेवढा गेला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, की घरच्या भाषेने लहानपणीच येऊन कानातली सगळी जागा अडवली, म्हणून दुसरीला बसायला जागा उरली नाही. माझ्या पोरीचं तसं होऊ देणार नाही.

"आणि नाहीच जमलं तुला," तो नजर खाली घालून म्हणाला, "तर थोरलीकडे तुझी सोय करावी लागेल."

थोरली म्हणजे त्याची बहीण. तिचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत अंथरुणाला खिळलेली तिची सासू, दुसरीत ती, जावई आणि दोन वाढती मुलं. भोंगाबाईने तिथे पथारी टाकायची तर मधल्या बोळकांडीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. थोरली नाही म्हणाली नसती, पण लेकीच्या संसारात आपण धोंड होऊन पडायचं, आणि या नातीला फोटोत बघायचं? त्यापेक्षा मूग गिळून बसलेलं बरं, असं बाईने ठरवलं.

ठरवणं सोपं असतं हो, पाळणं महाकठीण. घर नवव्या मजल्यावर, खिडक्या न उघडणाऱ्या. शेजारी भले, पण त्यांच्याशी बोलणार काय, आणि कशात? सून सकाळी बँकेत जायची, ती संध्याकाळी यायची. सून इथलीच, पण गुणाची होती, खोटं कशाला बोला. तिने सासूसाठी म्हणून आपल्या भाषेतला एक शब्द शिकून घेतला होता, "ताट". तो ती चार तऱ्हांनी म्हणायची, त्यातली एकही बरोबर नसायची. तिच्या कानाला त आणि ट एकच होते. भोंगाबाई मनातल्या मनात हसायची. तिला यात नवल काहीच वाटत नव्हतं. प्रत्येक भाषेचा डेपो वेगळा, एवढं तिला कोणी न शिकवता कळत होतं. आपल्याकडे त एका फलाटाला लागतो, ट दुसऱ्या. इथल्या डेपोत त्या दोघांना मिळून एकच फलाट, पण व साठी मात्र यांनी दोन बांधलेत. यात कोणी शहाणं नाही की कोणी खुळं नाही. पण हे पोराला सांगायची चोरी, कारण पोरगं आता तिच्याशी धड दोन वाक्यं बोलत नव्हतं. छकुली जागी असली की तो आईशीसुद्धा शहराच्याच भाषेत बोलायचा, आईला कळो न कळो.

त्यात पाळण्याशेजारी ते यंत्र. पांढरं, मुठीएवढं, वर हिरवा दिवा. खोलीत पोर रडलं की धाकट्याच्या मोबाइलवर ऐकू यायचं. पोर रडलं की ऐकू येणार, म्हणजे म्हातारी बोलली की तेही ऐकू येणार. एकदा ती सवयीने "अगं बाई, ओलं केलंस होय" एवढं बोलून गेली, तर दहा मिनिटांत गोदामातून फोन. त्याने आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, आई, ऐकलं मी. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, आपण नातीला सांभाळत नाही आहोत, आपल्यालाच इथे सांभाळायला ठेवलंय. कैद्याला ठेवतात तसं.

पण बाई डेपोतली होती, आणि डेपोत राहिलेल्या माणसाला आडवाट सापडतेच. यंत्राला न्हाणीघरातलं ऐकू येत नव्हतं. त्यातून नळ सोडला की मग विचारायलाच नको. छकुलीची आंघोळ ही तिच्या दिवसातली एकमेव मोकळी जागा झाली. दार लावायचं, पाणी सोडायचं, पोरीला टबात बसवायचं, की हिच्या तोंडाचं धरण फुटलंच. कसली बडबड ती! गाड्यांच्या वेळा काय, ड्रायव्हर-कंडक्टरांची भांडणं काय, थोरलीच्या लग्नातले रुसवेफुगवे काय. त, ट, ल, ळ, सगळे एकेक करून, स्वच्छ, सुटे, माइकवर घ्यायची तसे. डेपोचा भोंगा खरखरायचा, तेव्हा एकात दुसरं मिसळू नये म्हणून तिने जीभ घासून घासून लख्ख केली होती. ती जीभ आता एका नागड्या पोरीसाठी चालायची, आणि पोरगी पाण्यात हात आपटत तिच्या तोंडाकडे अशी बघायची की बाईचा जीव सुपाएवढा व्हायचा. आंघोळी लांबत गेल्या. सुनेने एकदा खुणेनेच थट्टा केली, की पोरीची सालं काढता का काय. भोंगाबाईने कानाला हात लावून हसण्यावारी नेलं. मनातून मात्र टरकली.

असे महिने गेले. छकुली धरून उभी राहू लागली, समोर चार दात आले. आणि एक दिवस धाकटा कधी नव्हे तो खुशीत घरी आला. विद्यापीठात तान्ह्या मुलांच्या कानांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या. त्या वर्षाच्या आतबाहेरची मुलं शोधत होत्या. मूल बोलायच्या आधी भाषेतले आवाज कसे ओळखतं, ते त्यांना बघायचं होतं. सुनेच्या बँकेतल्या मैत्रिणीने तिचं बाळ नेलं होतं, बाळाला छान टोपी मिळाली. धाकट्याने ऐकलं आणि नाव नोंदवून टाकलं. सून म्हणाली, अहो ती काही परीक्षा नाही, नुसता खेळ आहे. पण ज्याला आयुष्यभर कानाने नापास केलंय त्याला कानाचा खेळसुद्धा परीक्षाच वाटणार. माझी पोरगी इथल्या मुलांच्या बरोबरीने उतरते की नाही, हे त्याला कोणीतरी शिक्का मारून सांगायला हवं होतं. सुनेला रजा मिळेना आणि छकुली बापाच्या मांडीवर एक क्षण टिकेना, म्हणून मग आजीला नेणं भाग पडलं.

जागा दवाखान्यासारखी स्वच्छ, पण वास नसलेली. त्या बाईंच्या गळ्यात रंगीत मण्यांची माळ होती, मुलांना ओढायला म्हणूनच घातलेली. भोंगाबाईने मनात त्यांना कानवाल्या बाई असं नाव देऊन टाकलं. त्यांनी धाकट्याला विचारलं, घरात हिच्याशी कोणती भाषा बोलता? तो छाती काढून म्हणाला, फक्त इथली. दुसरी तिने कधी ऐकलेलीच नाही. भोंगाबाईला इतपत कळलं. मुका माणूस ऐकतो फार, आणि एवढ्या महिन्यांत तिच्या कानांनी शहराची भाषा बरीच गोळा केली होती. तोंडाने मात्र ती चार शब्दांपलीकडे गेली नव्हती.

खेळ असा. एक लहानशी खोली. आजीने खुर्चीत बसायचं, मांडीवर छकुली. समोर एक मुलगी खेळणी हलवत बसणार, पोरीचं लक्ष तिच्याकडे. बाजूच्या स्पीकरमधून एकच आवाज पुन्हा पुन्हा येत राहणार, आणि मध्येच तो बदलणार. बदलला हे पोराला कळलं आणि त्याने मान स्पीकरकडे वळवली, की तिथल्या काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागणार आणि आतलं अस्वल ढोल बडवणार. आवाज बदलल्याचं कळलंच नाही तर मान वळणार नाही, अस्वलही दिसणार नाही. धाकटा आणि कानवाल्या बाई काचेपलीकडच्या खोलीत बसून बघणार.

सुरुवातीला सराव झाला, तो इथल्याच दोन व चा. भोंगाबाई कान टवकारून ऐकत होती. व, व, व, व. सगळा एकच. आणि अचानक छकुलीने गर्रकन मान वळवली, दिवा लागला, अस्वल ढोल बडवायला लागलं. अगं बाई, कुठे बदललं काय? पुन्हा व, व, व, पुन्हा मान, पुन्हा अस्वल. आजीला काडीचाही फरक ऐकू येत नव्हता, आणि मांडीवरचं एवढंसं पोर तिच्या पलीकडचं ऐकत होतं. तिने काचेकडे पाहिलं. धाकट्याचे डोळे भरून आले होते. जे दार त्याला कधी उघडलं नाही त्यातून त्याची पोरगी धावत आतबाहेर करत होती. त्या क्षणी भोंगाबाईला पोराचं सगळं माफ होतं.

मग कानवाल्या बाई आत आल्या, धाकटाही आला. त्यांनी सांगितलं ते त्याने आईच्या कानाशी, पोरीला ऐकू जाऊ नये असं पुटपुटत, आपल्या भाषेत थोडक्यात सांगितलं. आता दुसरा भाग. जन्मतः प्रत्येक मुलाला जगातल्या कुठल्याही भाषेतले आवाज वेगळे ऐकू येतात. मग हळूहळू, कानावर जे पडत नाही ते गळत जातं, आणि वर्षाचं होईस्तोवर घरच्या भाषेत जेवढे आहेत तेवढेच भेद उरतात. म्हणून आता मुद्दाम लांबच्या भाषेतले दोन आवाज लावणार. इथल्या या वयाच्या मुलांना ते कळत नाहीत. हिनेही मान वळवली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तेच बरोबर. आणि बाईंनी नमुना म्हणून ते दोन आवाज ऐकवले.

त. ट.

 धाकटा चमकला, आणि मग चक्क हसला. बाईंना म्हणाला, ही तर आमच्याकडची भाषा. पण काळजी नको, छकुलीच्या कानावर ती कधीच पडलेली नाही. मग छानच, म्हणाल्या बाई, आणि त्यांनी आजीच्या कानांवर मोठे गुबगुबीत हेडफोन चढवले. सरावाला चालतं, पण खऱ्या खेळात धरणाऱ्या माणसाला आवाज ऐकू येता कामा नये, नाहीतर आवाज बदलला की तोच नकळत अंग हलवतो आणि मुलाला सुचवून बसतो. म्हणून त्याच्या कानात गाणं लावून ठेवायचं, ही त्यांची कामाची रीत. दार बंद झालं.

आता बघा बाईची गत. कानात कुठल्यातरी बँडचा धांगडधिंगा, मांडीवर पोर, समोर काच आणि काचेमागे पोरगा. बाहेर त चाललाय की ट, तिला कळायला मार्ग नाही. पोरीने मान वळवली, की आपली पथारी थोरलीच्या बोळकांडीत. नाही वळवली, तर इतके महिने पाण्याच्या आवाजाखाली चोरून जे ओतलं ते सगळं मोरीतून वाहून गेलं म्हणायचं. इकडे आड तिकडे विहीर, आणि बसायचं मध्ये, हसतमुखाने.

छकुलीने मान वळवली. दिवा लागला, अस्वलाने ढोल बडवला.

 एकदा चुकूनही वळते मान, पोरच आहे. काचेमागे धाकटा पुढे झुकला होता. पुन्हा वळली. पुन्हा अस्वल. आणि मग भोंगाबाईच्या हातांनी जे केलं ते तिने ठरवून केलं नाही, असं ती पुढे स्वतःला पुष्कळदा सांगत राहिली, पण खरं ते खरं. तिने पोरीला छातीशी ओढलं, डोक्यावर हनुवटी टेकवली आणि लाडाने धरावा तसा तळहात तिच्या गालावर ठेवला. घट्ट. बघणाऱ्याला वाटावं, आजी कुरवाळतेय.

काही वेळ काही झालं नाही. मग तळहातावर पोरीचा गाल दाबला गेला. पोरगी मान वळवू बघत होती. हात हलला नाही. ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा तो इवलासा जोर. आता बाहेर ट लागला असणार. आता पुन्हा त. कानांनी नव्हे, तळहाताने तिला सगळं ऐकू येत होतं. पोरीला कळत होतं, दर वेळी कळत होतं, आणि ती आपल्या आजीच्या हाताशी झुंजत होती. रडली नाही. नुसती मान रेटत राहिली, मुकाट्याने.

आणि बाईला स्वतःची शिसारी आली. अगं, तुला गप्प केलं म्हणून तू रडतेस, आणि या लेकराच्या कानांना तू काय करतेयस? पोराने निदान नुसतं तोंडाने सांगितलं होतं. तू तर मुंडी धरलीस. तिने हात काढून घेतला, हनुवटी वर उचलली, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि ताठ बसली. व्हायचं ते होवो. यानंतर छकुलीची मान एकदाही चुकली नाही. दर वेळी वळली, दर वेळी अस्वल नाचलं, आणि पोरगी खिदळून आजीकडे बघायला लागली, की बघ, जमलं.

कानवाल्या बाई आत आल्या त्या धावतच. त्यांचे गाल लाल झाले होते. मघाशी मध्ये थोडं बिनसलं, पण बाकी सगळं चोख, म्हणाल्या. अशी मान इथल्या मुलाची वळत नाही, आम्ही कितीतरी मुलं पाहिलीत. हिच्याशी कोणीतरी रोज बोलतंय, तासन् तास बोलतंय, आणि फार स्वच्छ बोलतंय. त्यांनी आजीकडे पाहिलं आणि कौतुकाने तिचा हात दाबला. वर त्यांनी एक गोष्ट आणखी सांगितली, ती भोंगाबाईला निम्मीशिम्मी कळली, पण मतलब ध्यानात आला. दोन्हीकडचे आवाज हिला सारखेच पक्के आहेत, एकाने दुसऱ्याची जागा खाल्लेली नाही. धाकटा भिंतीसारखा उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला. हे हिच्या कानातून जायला किती दिवस लागतात?

बाईंना वाटलं, माणूस अभ्यासू आहे. आजपासून कोणी बोललंच नाही तर सहाएक महिन्यांत पातळ होत जाईल, त्या म्हणाल्या. पण तसं कशाला करायचं? उलट सहा महिन्यांनी हिला पुन्हा आणा, आजींनाही आणा, आम्हाला बघायचंय. यावर धाकटा शहराच्या भाषेत म्हणाला, माझी आई तोवर इथे नसेल.

त्या परक्या भाषेतलं कुणाच्या मदतीशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळंच्या सगळं कळलेलं हे तिचं पहिलं वाक्य.

ती उठली. छकुलीच्या डोक्यावर मिळालेली टोपी चढवली, तिला कडेवर घेतलं आणि गाडीपर्यंत गेली. धाकट्याने गाडी काढली. ती मागे पोरीशेजारी बसली. रस्ता गाड्यांनी तुंबला होता, मुंगीच्या पावलाने सगळं सरकत होतं. पहिल्या सिग्नलपाशी तिने घसा साफ केला.

"कळलं मला तू काय म्हणालास ते. जाते मी थोरलीकडे. रविवारी गाडीत बसवून दे." तिने छकुलीची टोपी सारखी केली. "पण आज मी हिची मुंडी धरली, अरे. तुझ्या भीतीने. माझ्या या हातांनी धरली. ते आता पुन्हा व्हायचं नाही. रविवारपर्यंत मी बोलणार आहे. तुझ्यासमोर, त्या दिव्याच्या डबीसमोर, मोठ्याने. तुला ऐकवत नसेल तर कान झाक."

 आरशात धाकट्याचे डोळे दिसत होते, लाल झालेले. काउंटरवरून उठवलेलं पोर ते. त्याचंही घर नवव्या मजल्यावरच होतं, त्याच्याही खिडक्या उघडत नव्हत्या, हे तिला दिसत होतं आणि तिचा जीव तुटत होता. पण म्हणून थांबायचं? तिच्याकडे दिवस होतेच किती. ती छकुलीकडे वळली आणि सुरू झाली. डेपोतल्या कुत्र्याची गोष्ट तिने काढली. ते कुत्रं रोज सकाळी आपलं आपण पहिल्या गाडीत चढायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथल्या हॉटेलवाल्याकडे खायचं आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीने घरी यायचं. कंडक्टरसुद्धा त्याला कधी उठवायचा नाही. तुझा बाप तेव्हा एवढासा होता, शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपायचा. आणि ते काळं कुत्रं गाडीतून उतरलं की आधी येऊन याचं तोंड चाटायचं. काळंकुळकुळीत, पायात मात्र पांढरे मोजे.

"काळं नव्हतं," पुढून आवाज आला.

घरच्या भाषेत. पोरीच्या देखत, भरगाडीत, स्पष्ट. 

"तांबूस होतं ते. आणि मोजे पुढच्या दोनच पायांना." त्याचा आवाज चिडका होता, लहानपणी खेळात कुणी लबाडी केली की व्हायचा तसा. "काळं ते वर्कशॉपमधलं. ते चावायचं."

"अरे काळंच होतं. मी रोज बघत होते."

"तू काचेच्या खोलीत बसायचीस, आई. तोंड माझं चाटायचं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. त्याने गाडी पुढे घेतली. घराचं वळण आलं आणि गेलं, त्याने ते घेतलं नाही, चुकून की कसं कोण जाणे. छकुली दोघांची तोंडं बघत होती, एकदा हिचं, एकदा त्याचं.

"बरं बाबा, तांबूस," भोंगाबाई म्हणाली. "मग तूच सांग तिला नीट. मला तेवढंच ठाऊक."

 मग आरशातून पोरीकडे बघत त्याने सुरुवात केली. अडखळत, शब्द शोधत, एकेक आवाज चाचपून जागेवर ठेवत. एक कुत्रा होता, तांबूस. त्याचा एक कान तुटका होता. तो माझा होता. रविवारचं काय, हे भोंगाबाईला विचारायचं होतं, पण पोरगा गोष्ट सांगत होता, आणि गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नसतं.